बोलला तो बाद

नागपूरहून कुहीला जाणाऱ्या एसटीने सत्तर सालच्या आगेमागे ज्यांनी कधी प्रवास केला असेल, त्यांना चंद्रभान कंडक्टर आठवत असणारच. आठवत नसेल, तर त्या माणसाने तो सारा प्रवास झोपेत केला असला पाहिजे. आणि चंद्रभानच्या गाडीत झोप लागणं हे काही सोपं काम नव्हतं. तोंडाची टकळी अखंड चालू. तिकीट फाडता फाडता तो म्हातारीला तिच्या सुनेचं विचारायचा, शेतकऱ्याला धानाचं, मास्तरला बदलीचं, आणि कोणी उत्तर दिलं नाही तर तेही स्वतःच देऊन मोकळा व्हायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "या गाडीले डिझल लागतच नाही. चंद्रभानच्या तोंडावर चालते."

पण कुही जवळ आली आणि हवा स्वच्छ असली, की पूर्वेच्या अंगाला तीन टेकड्या दिसू लागत. निळसर, अर्धवट पुसल्यासारख्या. त्या दिसल्या की हा माणूस वाक्य अर्ध्यात सोडून गप्प व्हायचा. हात घंटीच्या दोरीवर तसाच, नजर खिडकीबाहेर, थांबा मागे गेला तरी पत्ता नाही. "अगा, मारतं काय घंटी?" म्हणून उतारू ओरडायचे, तेव्हा कुठे दचकून दोरी ओढायचा. लोकांना वाटे, भोळा आहे बिचारा. भोळाबिळा काही नव्हता. त्या वेळी तो गाडीत नसायचाच मुळी. तो टेकडीवर धावत असायचा.

धावत म्हणजे खरोखरची धाव. ती तुम्हाला कुठल्या वर्तमानपत्रात सापडायची नाही, तिला कप नाही, शिट्टी नाही. कुहीच्या पलीकडे, वैनगंगेच्या बाजूला मोहटोला नावाचं शंभर-सव्वाशे घरांचं गाव आहे, चंद्रभान तिथला. दिवाळी झाली की त्या मुलखात गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी-जावई येतात, दंडारीचा खेळ होतो. मोहटोल्यात मात्र मंडईच्या दिवशी सकाळी आधी धाव. गावच्या मारोतीपासून निघायचं, बोडखी, चिलाटी आणि मुका महादेव अशा तीन टेकड्या चढून-उतरून पुन्हा मारोतीपाशी यायचं. अंतर असेल तीन-साडेतीन कोस. वाट म्हणावी अशी नाहीच. धानाच्या बांध्या, मग नाला, मग मुरमाचा घसरडा चढ, मग चिलाटीच्या काट्यांची जाळी, जिच्यात शेळीसुद्धा विचार करून शिरते. पाय अनवाणी, कारण देवाची टेकडी. आणि या सगळ्याहून अवघड असा एकच नियम: निघाल्यापासून परत येईपर्यंत तोंडातून शब्द निघता कामा नये. बोलला तो बाद.

हा नियम कुठून आला याच्या म्हातारे दोन गोष्टी सांगत. एक अशी, की तिसऱ्या टेकडीवरचा महादेव मुका आहे, त्याच्यापुढे घंटा नाही, त्याला गलबला खपत नाही. दुसरी अशी, की पूर्वी त्या रानात वाघ फार, आणि बोलत जाणारा परत येत नसे. खरी कुठली ते महादेवाला ठाऊक, आणि तो काही सांगणार नाही.

बरं, नुसतं गप्प राहून भागत नसे. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर गावातला एक जाणता माणूस साक्षी म्हणून बसायचा, आणि धावणाऱ्याला बोलतं करणं हेच त्याचं काम. "अगा, तुयी म्हैस नाल्यात फसली!" किंवा "तुयी सासू आली, महिनाभर राहीन म्हणते!" असं काहीबाही. धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडून एक शब्द निसटायला कितीसा वेळ लागतो? निसटला, की त्याने साक्षीच्या बाजूला मुकाट बसायचं आणि सगळे पुढे गेल्यावर त्याच्याबरोबर खाली उतरायचं.

अशा धावेत चंद्रभानसारख्या बडबड्याने उतरायचं म्हणजे बेडकाने पावसाळ्यात मौन धरायचं. तरी तो उतरायचा. अकरा वर्षं उतरला. पाय कधी कमी पडले नाहीत, कमी पडलं ते तोंड. पहिल्या वर्षी काटा रुतला आणि "अगा माय" निघालं. दुसऱ्या वर्षी बोडखीवरच्या साक्षीने नुसतं "राम राम" म्हटलं, आणि याच्या तोंडून आपसूक "राम राम" गेलं. त्या मुलखात राम रामाला उत्तर न देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. एसटीत लागल्यावर तर साक्षींना कष्टच उरले नाहीत. भैयाजी म्हणजे गावचे वडीलधारे आणि धावेचे पंच. ते एका वर्षी स्वतः साक्षीला बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "काहो कंडक्टर, कुहीवरून शेवटची गाडी किती वाजता हाय?" "सव्वासहा," चंद्रभान म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर तिथेच कपाळाला हात लावून बसला. हा किस्सा मोहटोल्यात अजून सांगतात.

लोक हसायचे, तोही हसायचा. पण तो दर वर्षी कशासाठी धावतो हे ज्यांना ठाऊक होतं, ते जरा कमी हसत. चंद्रभानचा बाप देवराव त्याच्याशी बोलत नव्हता.

ती पासष्ट सालची गोष्ट. धानाची कापणी ऐन भरात, बाप-लेक बांधीत वाकलेले, आणि पोस्टमन बांधावरून लिफाफा घेऊन आला: नागपूर डेपोत हजर व्हा. चंद्रभानने विळा तिथल्या तिथे ठेवला.

"चार दिवस थांब गा," देवराव म्हणाला. "कापणी उरकू दे."

ज्या तोंडाने चंद्रभानला आयुष्यभर गोत्यात आणलं, तेच तोंड तेव्हाही उघडलं. "या चिखलात का ठेवलं हाय, बा? तुयी जिंदगी गेली यात. मले माही नाही घालवाची."

देवराव काही बोलला नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग नऊ वर्षं नाही.

आता अबोला म्हणजे घराचं दार बंद, असं मुळीच नव्हतं. चंद्रभान सणावाराला यायचा, त्याची बायको प्रेमिला यायची, तिच्याशी देवराव चांगला तासतासभर गप्पा मारायचा. फक्त पोराशी बोलायचं झालं तर भिंतीमार्फत. "कोणाले जेवाचं असंन तर ताट वाढलं हाय," असं तो चुलीकडे बघून म्हणे. "कोणाले गाडी धराची असंन तर आभाळ भरून आलं हाय," असं बैलाला सांगे. बैल बिचारा मान हलवी. चंद्रभानची माय मनकर्णा कपाळ बडवून घेई. "पयले बोलंन त्याचं नाक कापलं जाईन काय?" असं तिने एकदा नवऱ्याला तोंडावर विचारलं. हो, तसंच होतं ते. अबोल्यात जो आधी तोंड उघडतो तो हरला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. चंद्रभानने तर कधीच हार मानली होती. दर दिवाळीला तो म्हणायचा, "बा, चुकलो मी." देवराव उठून गोठ्यात जायचा.

बापाचा आवाज चंद्रभानला पाठ होता, पण तो कायम दुसऱ्या कोणासाठी निघालेला. त्याला फक्त एकदा आपलं नाव त्या आवाजात ऐकायचं होतं. आणि त्याची वाट त्याला एकच दिसत होती. धाव जिंकणाऱ्याला नारळ आणि दुपट्टा मिळे, पण त्याआधी त्याने मारोतीपुढे बापाच्या पाया पडायचं आणि बापाने नाव घेऊन, साऱ्या गावाला ऐकू जाईल असा आशीर्वाद द्यायचा, अशी रीत होती. देवराव रीतीचा माणूस. पोराचा राग एकीकडे, मारोतीपुढची रीत तो मोडणार नाही. चंद्रभानच्या मनात ते सगळं इतकं पक्कं बसलं होतं, की गाडी उन्हात डुलत चालली असताना त्याला डोक्यावर तो खरखरीत हात जाणवायचा. "सुखी राहा, चंद्रभान." एवढंच. मग पुढचा थांबा यायचा आणि कोणाचं तरी गाठोडं त्याच्या पायावर पडायचं.

चौऱ्याहत्तर साली तो चौतीसचा झाला. चढताना गुडघा कुरकुरू लागला होता. औंदा नाही तर कधी नाही, असं त्याने ठरवलं आणि श्रावणापासून तयारीला लागला. नागपुरात पाचपावलीला त्यांची एक खोली होती. तिथून तो पहाटेच उठून सेमिनरी हिल्सला जायचा आणि तिथल्या मुरमावर अनवाणी चढ-उतार करायचा. फिरायला येणारे साहेब लोक बघत राहायचे. पायांचं असं झालं. तोंडासाठी त्याने सुटीच्या दिवशी मौन धरलं. पहिल्या मौनाला प्रेमिला घाबरली.

"अजी, बोला ना काई तरी. दात दुखते काय? माया हातून काई चुकलं काय?"

हा नुसता बघतोय. दुपारपर्यंत ती रडकुंडीला आली, तेव्हा त्याने पाटीवर लिहून दाखवलं, 'धाव'. मग मात्र तिने पाटी हिसकावून घेतली आणि त्याच्या हातात लसूण सोलायला दिला. "असंच राहा मंग दिवाळीपावतर," ती म्हणाली. "घर कसं शांत वाटून राहिलं." पण मनातून तिलाही ठाऊक होतं, की हा काही खेळ नाही. संध्याकाळी ती त्याच्या टाचांना कोकम तेल चोळून द्यायची आणि काही विचारायची नाही.

मंडईच्या आदल्या दिवशी दोघं मोहटोल्यात पोचले. माय अंगणात धान पाखडत होती. तिने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, "आइक. मुक्या महादेवावर औंदा तुया बाप साक्षी हाय."

"भैयाजीनं बसवलं?"

"नाही गा. त्यानंच मांगून घेतलं."

चंद्रभानने हातातली पिशवी खाली ठेवली. तिसरी टेकडी म्हणजे धावेचा निकाल. तिथून पुढे नुसता उतार. नऊ वर्षांत ज्याने एका शब्दाची भीक घातली नाही, तो आता मुद्दाम तिथे जाऊन बसणार. कशासाठी? आपल्याला हरताना बघायला, दुसरं काय? की सगळ्यांना चिडवायचं आणि आपल्यापुढे तोंड फिरवायचं, म्हणजे गावाला आणखी एक किस्सा? संध्याकाळी देवराव ओसरीवर दोर वळत बसला होता. चंद्रभान समोरून गेला, तसं त्याने खांबाला सांगितलं, "उद्या कोणाले धावाचं असंन, त्यानं जास्त जेवू नाही."

सकाळी बांध्यांवर धुकं अंथरलेलं होतं. चौदा जण उभे राहिले. त्यातला खरा धावणारा विश्वनाथ. वीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा, लागोपाठ दोनदा जिंकलेला. भैयाजींनी ढोलावर एकच थाप मारली आणि ढोल पालथा ठेवला. आता पहिला गडी परत येईपर्यंत गावातही कोणी मोठ्याने बोलत नसे. बायका कोंबड्यांनासुद्धा हाताने हाकलत.

चौदा जण धावत होते आणि एकाचाही शब्द नाही. कापलेल्या धानाचे खुंट ओले, गार. सुरुवातीला चंद्रभानच्या गळ्याशी न बोललेल्या शब्दांची ही गर्दी झाली, गाडीच्या दाराशी होते तशी. मग एकेक शब्द उतरत गेला. नाला आला तोवर आत कोणीच उरलं नव्हतं. पाण्यात त्याला स्वतःचे पाय दिसले, तेही दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे, आणि ते त्याला न विचारता पुढे निघून गेले. बोडखीवरचा साक्षी काहीतरी ओरडत होता. त्याचं तोंड हलताना दिसलं, आवाजही आला, पण अर्थ धुक्यातच कुठेतरी राहून गेला. हे असंही असतं तर! चंद्रभानला नवल वाटलं. इतकी वर्षं बोलत राहिल्यामुळे केवढं ऐकायचं राहून गेलं होतं. सागाच्या पानावरून दव पडतं त्याचा आवाज. पळसाच्या खोडाआड कसलीशी सळसळ. बाकीच्यांचे श्वास कधी दोन्ही बाजूंनी येत होते, कधी मागून, आणि मग तर त्यातला आपला कोणता तेही त्याला सांगता येईना.

आपण चढतच नाही आहोत असं त्याला वाटू लागलं. आपण जागेवर उभे आहोत आणि टेकडीच पायाखालून मागे सरकते आहे. चिलाटीच्या जाळीत त्याला पुढे एक पाठ दिसली. धोतर खोचलेली, खांद्यावर नांगर. ती पाठ त्याच्या ओळखीची होती. लहानपणी तो तिच्याच मागे मागे बांधावरून चालायचा, बाप जिथे पाय ठेवील तिथे पाय ठेवून. आताही तो तसाच चालला, आणि काट्यांतून वाट होत गेली. धुकं हललं तेव्हा तिथे वाळलेलं झाड होतं. पण तोवर जाळी पार झाली होती.

चिलाटी उतरताना धारेचा दगड टाचेत घुसला आणि वर एक काटा मोडला. कळ मस्तकात गेली. तोंड उघडलं, पण त्यातून वाफेशिवाय काही निघालं नाही. त्याने मागे बघितलं, पुढे बघितलं. विश्वनाथ कुठेच नव्हता. धुक्यात जाळीच्या वरच्या अंगाला गेला असावा. पुढे पायरव नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा चंद्रभानच्या पुढे कोणीही नव्हतं.

मुक्या महादेवाच्या माथ्यावर अंजनाचं एक झाड आणि त्याखाली शेंदूर लावलेली शिळा. तिच्या शेजारी घोंगडी पांघरून देवराव बसला होता. इथे ऊन आलं होतं. चंद्रभान लंगडत वर आला, त्याला देवरावने पाहिलं आणि नजर शिळेकडे वळवली.

"कोणी आलं वाटते," तो महादेवाला म्हणाला. "लवकर आलं."

म्हणजे भिंत इथेही होतीच. चंद्रभानला फार वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. त्याने शिळेला हात लावला, तो कपाळाला लावला आणि तो वळला. आता नुसता उतार. खाली मारोती, पालथा ढोल, आणि सारं गाव. तिथे बापाला नाव घ्यावंच लागेल. दोन पावलं तो गेला असेल.

"चंद्रभान."

तो थांबला.

"कुठं लागलं गा तुले?"

नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. बोट दाखवायला नियमाची आडकाठी नव्हती. आणि हा साक्षी आहे, बोलतं करणं हेच याचं काम, हेही चंद्रभानला पुरतं कळत होतं. आणखी अर्ध्या कोसावर, साऱ्या गावादेखत, रीतीने बांधलेला पक्का आशीर्वाद होता. इथे काय होतं? ऐकायला एक मुका देव. पण बापाने नऊ वर्षांनी तू म्हणून विचारावं आणि आपण जनावरासारखा पाय उचलून दाखवावा? ते त्याच्याने होईना.

"टाचेले, बा," तो म्हणाला. "काटा मोडला."

देवरावने घोंगडीवर हात आपटून त्याला बसायची खूण केली. मग बाभळीचा एक काटा शोधून आणला, पोराची टाच मांडीवर घेतली आणि मान खाली घालून तो मोडलेला काटा उकरू लागला. नंतर तंबाखूची चिमूट दाबून त्यावर धोतराची चिंधी बांधली. या सगळ्यात तो एक शब्द बोलला नाही. चंद्रभानला वाटलं, बोलेल. आता सुरुवात झाली आहे तर बोलेल.

तेवढ्यात विश्वनाथ आला, दोन्ही हातांवर ओरखडे, घामाने निथळत. देवरावने मान वर केली.

"कुठं लागलं गा तुले?" त्याने विचारलं.

तोच आवाज, तेच शब्द. विश्वनाथ हसला, हात वर करून ओरखडे दाखवले, आणि शिळेला शिवून उताराला लागला. त्याच्या मागून आणखी एक आला. त्यालाही तेच. कुठं लागलं गा तुले. एकूण आठ जण वर आले आणि आठही जणांना देवरावने तेच विचारलं, एकही फसला नाही. फसला तो एकटा चंद्रभान.

तो घोंगडीच्या कडेला बसून खालच्या बांध्यांकडे बघत राहिला. धुकं विरलं होतं आणि सगळं अगदी साधं दिसत होतं. डोळे भरून आले ते त्याने पुसलेही नाहीत. साक्षीने साक्षीचं काम केलं. आपणच त्यात बाप शोधत बसलो. हातची धाव गेली, पक्का आशीर्वाद गेला, आणि मिळालं काय, तर सगळ्यांना वाटलेला एक प्रश्न. पुढच्या वर्षी हा पाय धावणार नाही हे त्याला आताच कळत होतं. उतरताना देवराव पुढे आणि चंद्रभान मागे होता. बापाने अवघड जागी थांबून हात दिला, पण काही बोलला नाही.

गावात ढोल वाजून गेला होता. विश्वनाथच्या गळ्यात दुपट्टा होता, त्याचा बाप नाव घेऊन मोकळा झाला होता. आता राहिलं होतं साक्षींचं सांगणं. प्रत्येक साक्षीने पिंपळाच्या पारावर चढायचं आणि आपल्या टेकडीवर कोण बोललं ते बापाच्या नावासकट जाहीर करायचं. मग लोक पोट धरून हसायचे. बोडखीवाल्याने तिघांची नावं सांगितली. चिलाटीवाल्याने दोघांची. मग देवराव पारावर चढला, आणि हसायला आलेले लोक गप्प झाले. ज्याने नऊ वर्षांत पोराचं नाव घेतलं नाही तो आता काय म्हणतो? 'कोणी एक बोलला' असंच म्हणणार, अशी बहुतेकांची खात्री होती.

"मुक्या महादेवावर दोघं बोलले," देवराव म्हणाला.

भैयाजींनी बोटं मोजली. "दोघं कसे? एक कंडक्टर दिसून राहिला. बाकीचे सारे तर उतरले. दुसरा कोण?"

"एक माया चंद्रभान," देवराव म्हणाला. "अन् दुसरा मी."

"अगा, साक्षीले तर बोलाचंच असते, देवराव. तुयं कामच होतं ते."

देवरावने घोंगडी एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर टाकली. असं चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती.

"बाकीच्याइले साक्षीनं इचारलं," तो म्हणाला. "याले म्या इचारलं. पयले मी बोललो."

मनकर्णाने पदर तोंडाला लावला. देवराव पारावरून सावकाश उतरला. बाद झालेल्यांची पंगत शेवटी बसते, गोठ्याच्या भिंतीला लागून, आणि तिथे चंद्रभान पाय लांब करून बसलेला होता. देवराव लोकांतून वाट काढत तिथवर गेला. समोर पत्रावळी मांडणारा वाढपी बावरून बघत राहिला, कारण साक्षीची पंगत पहिली.

"सरक गा जरा," देवराव पोराला म्हणाला.

चंद्रभान सरकला.